दादाराव मलेरियावाले आणि सत्तरचा आकडा

"फुकट काहून? मले बाकी काही नको सांगू. फुकट काहून, तेवढं सांग!"

हा आवाज अकोल्यातल्या एका खाजगी दवाखान्याच्या तळमजल्यावर निघाला आणि चौथ्या मजल्यावर तीन दिवसांपासून बेशुद्ध असलेल्या एका म्हाताऱ्यानं डोळे उघडून "कोन बोंबलून राहिलं?" असं विचारलं म्हणतात. म्हाताऱ्याचं मी ऐकीव सांगतो. आवाजाचं ऐकीव नाही. मी दादारावांच्या मागे हातभर अंतरावर उभा होतो आणि माझा उजवा कान त्या दिवसापासून जरा कमीच काम करतो.

ती सरकारी आरोग्य कार्डाची खिडकी होती. तिथं रोज भांडणं होतात, पण सगळी एकाच जातीची: फुकट म्हणता, मग पैसे कशाचे मागता? फुकट मिळतंय म्हणून भांडायला आलेला माणूस त्या खिडकीनं पहिल्यांदाच पाहिला. आतला बाबू आधी हसला. मग त्याला घाम फुटला.

"काकाजी, सरकार भरते सगळं. काकूच्या रक्तवाहिनीत सत्तर टक्के ब्लॉक हाय. स्टेंट टाका लागते. कागदावर लिहून हाय नं!"

"कागदावर लिहून हाय म्हनूनच त मले भेव लागून राहिलं!"

दादाराव आता नाहीत. पण जठारपेठेत कुणी कुणाला "कशावरून?" असं जरा चढ्या आवाजात विचारलं, की लोक अजूनही त्यांच्या घराकडे बघतात.

उंची सहा फूट, जाडी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काडीएवढी. वारा सुटला की त्यांच्या पत्नी सुमनकाकू त्यांना घरात घेत, वाळत घातलेलं धोतर घ्यावं तसं. खांद्यावर नोकरीतला खाकी झोळा आणि खिशात गेरूचा खडा. नोकरी आरोग्य खात्यातली, मलेरियाची. त्या काळी खात्याचा माणूस न बोलावता घरोघर जायचा, "कोनाले ताप हाय काय?" विचारायचा, ताप असला तर बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा आणि निघताना भिंतीवर गेरूनं तारीख टाकायचा. साहेब मागून आला, तर त्याला कळावं की आपला माणूस येऊन गेला. तेल्हाऱ्याकडच्या खेड्यांतून दादारावांनी तीस वर्षं ही तारीख टाकली. ऊन फारच झालं तर आत न जाता, रस्त्यावरूनच हात लांब करून टाकली. हे ते स्वतः सांगत.

नोकरी सुटली, गेरू सुटला नाही. मीटर वाचणारा आला, टाक तारीख. गॅसवाला आला, टाक तारीख. जावई आला, त्याचीही टाकली. जावयानं पुढच्या खेपेला भिंत वाचली आणि ओशाळून म्हणाला, "मामाजी, आठ महिने झाले वाटते मले येऊन."

"म्हनूनच त लिवून ठेवलं," दादाराव म्हणाले.

विश्वास त्यांनी कशावरच ठेवला नाही. पंचांगावर नाही, हवामान खात्यावर नाही. घरात थर्मामीटर दोन होते. दोन कशाला, तर एकमेकांवर ध्यान ठेवायला. आणि आकड्यावर तर मुळीच नाही. "आकडा म्हनजे पाव्हना असते, पेंटर," ते मला म्हणत. "आपल्या मनानं येत नाही तो. कोनी तरी बलावलं म्हनून येते. आकडा दिसला का आंधी त्याले इचाराचं, बाप्पा, तुले बलावलं कोनं?"

पेंटर म्हणजे मी. भिंती रंगवतो, पाट्या लिहितो. आमची ओळखही संशयातूनच झाली. तेल्हारा तालुक्यातल्या एका गावच्या आरोग्य उपकेंद्रावर नवं नाव रंगवायचं काम मला मिळालं होतं. शिडीवर चढून जुनं नाव घासत होतो, तर खालून कुणीतरी गरजलं, "ए पेंटर! आंधीच्या नावानं कोनतं पाप केलं? काहून पुसून राहिला त्याले?"

"योजना बदलली, काका. वरून आदेश हाय."

"योजना बदलली का नाव बदललं?"

मी खरं ते सांगितलं. "मले काय मालूम? मले नावाचे पैसे भेटते."

म्हातारा इतका खूश झाला की त्यानं माझी शिडी गदगदा हलवली. मी पडता पडता वाचलो. "तीस वर्षांत पह्यला खरं बोलनारा भेटला ह्या भिंतीपाशी! उतर खाली." मग त्यांनी खिशातून एक नाणं काढलं आणि भिंत खरवडायला बसले. निळ्याखाली हिरवा निघाला, हिरव्याखाली पिवळा, पिवळ्याखाली गुलाबी. चार रंग, चार नावं. आणि सगळ्यांच्या तळाशी, चुन्यावर, गेरूची एक अर्धवट तारीख. त्यांच्या हातची.

"पाह्य," ते म्हणाले. "चार येळा सुधारना झाली. कुलूप तेच हाय."

कुलूप खरंच तेच होतं. त्याच्या भोकात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं आणि तिच्या चार-पाच पिढ्या तिथं सुखानं नांदून गेल्या असाव्यात. त्या दिवसापासून टीव्हीवर आरोग्याच्या नव्या धोरणाची बातमी आली, की दादारावांचा मला फोन यायचा. नमस्कार नाही, काही नाही. "पेंटर, ब्रश धुऊन ठेव." आणि महिन्या-दोन महिन्यांत काम यायचंच. माझ्या घराची एक खोली ह्या सुधारणांवर उभी आहे, नाकारून कसं चालेल?

अर्थसंकल्पाच्या दिवशी त्यांच्याकडे आळीभराचा दरबार भरे. टीव्हीचा आवाज एवढा मोठा, की डाबकी रोडवरच्या लोकांनी आपले टीव्ही बंद ठेवून वीज वाचवली असेल. आरोग्यावरचा खर्च वाढवला, असं मंत्री म्हणाला रे म्हणाला, की दादाराव उठायचे आणि वाकून टीव्हीच्या मागे बघायचे. "कोठं वाढला? इकडं त नाही दिसून राहिला!"

"बसा खाली, वायर तुटन," सुमनकाकू चहाचे कप ठेवत म्हणायच्या. ही बाई त्यांच्याशी एका वेळी पाचपेक्षा जास्त शब्द बोलल्याचं मी कधी ऐकलं नाही. गरजच पडत नसावी. घरातला शब्दांचा कोटा दुसऱ्या बाजूनं भरलेला असे.

पण सगळे हसून घरी गेले, की दादाराव मला थांबवायचे. तेव्हा आवाज खाली यायचा. "पेंटर, पह्यले सरकार मच्छरामागं पैसा खर्च करे. मी बिन बलावल्याचा लोकायच्या दारात जाओ. आता कसं हाय, मानसानं आंधी आजारी पडाचं, कार्ड घेऊन दवाखान्यात जाचं, तेव्हा पैसा निंगते. म्हनजे आजार निंगाला त पैसा निंगाला. आनं नाही निंगाला त?" मग माझ्या कानाशी तोंड आणून, "नाही निंगाला त काढाच लागते नं, लेका!"

मला त्यातलं धोरण कळत नाही. पण माझ्या ब्रशची साक्ष आहे. पूर्वी मी गावोगाव 'डबकी बुजवा, ताप टाळा' लिहीत असे. आता शहरात 'येथे कार्ड चालते' लिहितो. डबकी बुजवायचं काम मला कित्येक वर्षांत आलेलं नाही, आणि डबकी तर जिथल्या तिथं आहेत.

ह्या संशयाचं मूळ त्यांनी मला एकदाच सांगितलं. कौंडण्यपूरच्या जत्रेत, वर्धेच्या काठी बसून आम्ही भजी खात होतो.

महिन्याला अमुक इतक्या रक्ताच्या पट्ट्या पाहिजेत, असा वरून हुकूम असे. वैशाख होता. ऊन असं, की उडते कावळे शिजून खाली पडत होते. दादारावांना गावात शिरवेना. वेशीबाहेरच्या निंबाखाली बसले, झोळ्यातून सुई काढली आणि स्वतःचीच बोटं टोचली. दहा बोटं, दहा पट्ट्या. त्यांवर गावातल्या दहा घरांची नावं घातली. अंगात जरा कसकस होती. ते म्हणाले, ऊन लागलं असेल.

ऊन नव्हतं. त्यांनाच मलेरिया झाला होता.

दहाच्या दहा पट्ट्यांत जंतू निघाले. हापिसात भूकंप! एका गावात एका दिवशी दहा घरं? जीपगाड्या सुटल्या. फवारणीची टोळी आली. त्यांनी घरं फवारली, गोठे फवारले, एका म्हशीची शिंगंसुद्धा फवारली. गावच्या पाटलाला आयुष्यात शिंक आली नव्हती, तो आपलं नाव यादीत आहे हे ऐकूनच अंथरुणाला खिळला. मोठ्या साहेबांनी सगळ्यांदेखत दादारावांची पाठ थोपटली. पाठ तापानं फणफणत होती. साहेब म्हणाले, "वा! कामानं कसा गरम झालाय माणूस!" आणि एवढे पेशंट आहेत म्हटल्यावर त्याच गावाला उपकेंद्र मंजूर झालं. मी नाव रंगवत होतो तेच. त्या इमारतीचा पाया म्हणजे दादारावांच्या रक्ताचे दहा थेंब.

मी इतका हसलो की भजी वाळूत पडली. वर पाहिलं तर दादाराव हसत नव्हते.

"फवारनीवाले माह्या खोट्या गावात दहा दिवस राहिले, पेंटर. खरा ताप नाल्याच्या पलीकडच्या गावात होता. तेथं गाडीच गेली नाही. चंद्रभागा नावाची एक पोरगी होती तेथं. नवीन लगन झालेली."

भज्यांच्या तेलकट कागदाची नीट चौकोनी घडी केली आणि झोळ्यात ठेवली. मग म्हणाले, "मी आकडा बनवला हाय. म्हनून मले आकडा वळखू येते."

तर असा हा माणूस त्या दिवशी खिडकीपाशी उभा होता. आदल्या आठवड्यात सुमनकाकूंना जिना चढताना छातीत कळ आली. दवाखान्यात नेलं, अँजिओग्राफी झाली, आणि आता स्टेंट टाकायचा होता. दादाराव खिडकी सोडून तरातरा दुसऱ्या मजल्यावर गेले. मी मागे. काकूंच्या खाटेकडे न जाता ते दारापासून सुरू झाले. तीस वर्षांची सवय. घर सोडायचं नाही.

"भाऊ, तुमचा कागद दाखवता काय? किती निंगालं?"

"सत्तर," तंबाखू मळणारा शेतकरी म्हणाला.

पुढची खाट. रिटायर कंडक्टर. सत्तर. त्याच्या पुढं एक भाजीवाली. सत्तर. एक गुरुजी. सत्तर. आठ खाटा, आठ छात्या, आठ सत्तर. आठवा कागद हातात धरून दादाराव माझ्याकडे वळले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड होता तो मी विसरणार नाही. परमुलखात स्वतःचं हस्ताक्षर भेटलं तर माणसाचा चेहरा असा होईल.

"पेंटर! हे त माही सुई हाय!"

आठवी खाट सुमनकाकूंची होती. त्या उशीला टेकून बसल्या होत्या, तळहात छातीवर. "दुखून राहिलं वो," त्या म्हणाल्या.

"किती?" दादाराव कागदातून वर न बघता म्हणाले.

"किती म्हंजे? दुखते."

"असं नाही. कालच्यापरीस कमी का जास्त? रुपयातले किती आने? काहीतरी आकडा सांग नं!"

काकूंनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मी तिथं होतो. माझ्या कानावर ते शब्द पडले होते, आणि मीही काही बोललो नाही. मलाही त्या सत्तरचा राग आला होता. फसवणूक पकडली, की माणसाला एक नशा चढते. त्या नशेत खाटेवर कोण आहे ते दिसत नाही.

मग दादारावांनी तो मजला डोक्यावर घेतला. "मी माह्या जिम्मेदारीवर नेऊन राहिलो," असं लिहून सही ठोकली. अँजिओग्राफीची सीडी दिल्याशिवाय हलणार नाही म्हणाले, आणि दवाखान्यानं ती सुटका झाल्यासारखी दिली. अमरावतीच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात दाखवायचं ठरलं. "तेथच्या डॉक्टरले पगार भेटते. सत्तर लिवला काय न् सात लिवला काय, त्याचं काय जाते?" आणि माझी रंगाचे डबे वाहायची जुनी व्हॅन दारात लागली. काकू मागच्या सीटवर, पायाशी ऑइल पेंटचे डबे, टर्पेंटाइनचा वास.

मूर्तिजापूरपर्यंत दादाराव पुढच्या सीटवरून देशाच्या आरोग्यव्यवस्थेवर बोलत होते. बडनेऱ्याच्या आधीही बोलत होते. बडनेऱ्याच्या पुलावर मागून एक हात आला आणि त्यानं माझ्या सीटची पाठ घट्ट धरली. मी आरशात पाहिलं. काकूंच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि ओठांचा रंग माझ्या कुठल्याच डब्यात नाही असा झाला होता.

"दादाराव, मागं पहा."

त्यांनी मागं पाहिलं. आरोग्यव्यवस्था तिथंच थांबली.

त्यानंतर मी ती व्हॅन अशी हाणली की टपावरची शिडी वाटेत कुठं उडाली ते आजतागायत कळलेलं नाही. दादाराव उलटे वळून बसले होते, काकूंचा हात धरून. दुसऱ्या हातानं त्यांच्या कपाळावरचा घाम पुसत.

अमरावतीत एक डॉक्टरबाई भेटल्या. दोन दिवस झोपल्या नसाव्यात असे डोळे. आधी त्यांनी काकूंना खाटेवर घेऊन छातीला वायरी लावायला सांगितल्या, मग हात पुढं केला. दादारावांनी कागद दिला. सवय कुठं जाते? म्हणाले, "म्याडम, हा आकडा खोटा हाय."

बाईंनी कागद पाहिला. "हो, खोटाच आहे."

दादारावांचा काडीसारखा देह क्षणभर ताठ झाला. तोवर बाईंनी सीडी संगणकात घातली होती. पडद्यावर काळ्या मुळ्यांसारखं काहीतरी हललं. बाई खुर्चीतून उठल्या, दाराकडे बघून ओरडल्या, "स्ट्रेचर आणा! वर सांगा, टेबल रिकामं ठेवा!" आणि मग आमच्याकडे वळल्या.

"काका, सत्तर हा मंजुरीचा आकडा. त्याच्या खाली मंजुरी मिळत नाही, आणि वर लिहायची कोणी तसदी घेत नाही. म्हणून सगळ्यांना सत्तर. बाकीच्यांचं मला माहीत नाही. ह्यांचं पंच्याण्णव आहे. तिथं स्टेंट टाकू दिला असता, तर हे आज झालं नसतं. कधीपासून दुखतंय ह्यांना?"

दादारावांनी माझ्याकडे पाहिलं. मी रंगानं भरलेल्या माझ्या नखांकडे पाहिलं. पंच्याण्णवला कुणी बोलावलं, हे त्यांनी विचारलं नाही.

काकूंना आत नेलं. बाहेरच्या बाकावर ते दोन तास बसले होते. खिशातला गेरूचा खडा काढून बोटांनी कुस्करत. एकदा म्हणाले, पण मला नव्हे, "पट्ट्या खोट्या होत्या. ताप त खरा होता नं." एवढंच.

काकू वाचल्या. अकोल्याच्या त्या बाकीच्या सात सत्तरांचं काय झालं, त्यात किती छात्या खरोखर तुंबल्या होत्या आणि किती फक्त कागदावर, हे मला अजून कळलेलं नाही. तिथून बरा होऊन आलेला माणूस भेटला तरी मी त्याच्या छातीकडे संशयानं बघतो. दादारावांनी मागे ठेवलेला आजार आहे हा, त्यावर कार्ड चालत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात गेलो. दुपारी जावई येऊन दोघांना आपल्या गावी घेऊन जाणार होता. पुढं दादाराव तिकडेच वारले, त्यामुळं माझ्याजवळ त्यांचं शेवटचं म्हणून जे आहे ते त्या सकाळचं आहे. मी दारात पोचलो तेव्हा खाटेमागच्या पांढऱ्या भिंतीवर ते गेरूनं तारीख टाकत होते.

"ओ बाबा! भिंत काहून खराब करून राहिले?" नर्सबाई धावत आल्या.

"पुसून टाका, सिस्टर, पुसून टाका," दादाराव म्हणाले. त्यांच्या आवाजानं शेजारच्या पेशंटजवळ झोपलेलं मूलसुद्धा जागं झालं नाही. "ह्या येळी आतमंदी आलो होतो, तेवढंच लिवलं."

मग ते खाटेच्या कडेला बसले. काकू डोळे मिटून पडल्या होत्या. दादारावांनी त्यांच्या पायावरची चादर नीट केली, पुन्हा बिघडवली, पुन्हा नीट केली.

"कावं," ते म्हणाले, "एवढं दुखत होतं त सांगाचं नाही काय मले?"

काकूंनी डोळे उघडले नाहीत.

"सांगतलं होतं. तुमी आकडा इचारला."